विसण न घालता: जलनेतीला बिचकणाऱ्यांसाठी

विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही ती कळ सांगावी लागत नाही. पाठीला सुके नारळ बांधलेले असतात, काठावरून थोरला भाऊ ढकलून देतो, आणि तोंड मिटायच्या आत पाणी नाकातून वर चढतं. कपाळाच्या आत कुणी ओली मिरची ठेचतंय असं वाटतं. मी आठ वर्षांची होते. त्यामुळे चाळिशीत डॉक्टर म्हणाले, "रोज नाक मिठाच्या पाण्याने धुवा," म्हणजे जलनेती करा, तेव्हा मी मान डोलावली, नेतीपात्र (तोटीची झारी) विकत आणलं आणि ते फडताळात समयांच्या शेजारी ठेवून दिलं. दोन वर्षं ते तिथेच होतं.

आमच्या देवगड तालुक्यात नाकाला सुट्टी नसते. पावसात भिंतींवर बुरशी आणि गोधड्यांना कुबट वास. थंडीत आंब्याला मोहोर आणि त्याच्यावर फवारण्या. पुढे भाजावळीचा धूर. चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्याला घर असेल तर दिवाळीपासून मिरगापर्यंत तांबडी धूळ. सकाळी उठल्यावर ओळीने वीस शिंका ही आमच्या घरची घड्याळाची टोलं होती. अशा घरातल्या, पण पाणी नाकात घालायच्या कल्पनेनेच अंग आक्रसणाऱ्या माणसासाठी हे लिहिते आहे.

शेजारच्या काकींना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाकात पाणी घालून घेवक मी काय म्हस आसंय?" त्यांची गोष्ट पुढे येईलच.

झोंबतं ते पाणी नव्हे

भीती घालवायची तर आधी ती कळ येते कुठून हे समजून घ्यायला हवं. आपल्या रक्तात, अश्रूंत क्षार असतात. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के, हे प्रमाण शरीराच्या आतल्या द्रवाशी जुळतं. विहिरीच्या पाण्यात मीठ नसल्यासारखंच, म्हणून ते नाकाच्या नाजूक त्वचेला लागलं की पेशी पाणी शोषून फुगतात आणि झोंबतं. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे जवळजवळ चौपट. तिथे उलटं होतं, पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि तेही झोंबतं. कोकणातल्या माणसाने नाकात घेतलेलं पाणी म्हणजे एकतर विहिरीचं किंवा समुद्राचं. मधलं पाणी त्याच्या नाकाला कधी भेटलेलंच नसतं.

मधलं, कोमट पाणी नाकातून जातं तेव्हा काय होतं? थोडी गुदगुली, थोडं विचित्र वाटणं. रडताना नाक वाहतं तेव्हा झोंबतं का? तेवढंच.

हे नवं काही नाही. हठयोगप्रदीपिकेत सांगितलेल्या षट्कर्मांत धौती, बस्ती, त्राटक, नौली, कपालभातीबरोबर नेती आहेच, मात्र तिथली नेती दोऱ्याची आहे, पाण्याची नव्हे. दोऱ्याच्या वाटेला आपण जायचं नाही. आजचे कान-नाक-घशाचे डॉक्टरही सायनसच्या जुनाट त्रासात आणि ॲलर्जीच्या सर्दीत मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. २०१८ साली कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने ॲलर्जीच्या सर्दीवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा निष्कर्ष सावध होता: त्रास कमी होऊ शकतो, पण पुरावा भक्कम म्हणण्याजोगा नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर वीस शिंकांच्या चार-पाच झाल्या. ॲलर्जी गेली नाही. धूळ आणि शेंबूड वाहून जातो, एवढंच हे काम आहे, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

कुणी थांबायचं

कान दुखत किंवा वाहत असेल, कानाच्या पडद्याला भोक असेल, नाकाचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, वरचेवर घोळणा फुटत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरीही तसंच. लहान मुलांना आपल्या मनाने करू नये. नाक दोन्हीकडून ठार बंद असेल त्या दिवशी जोर करू नका, पाण्याला बाहेर पडायला वाट नसली की ते कानाकडे दाब देतं. एकाच बाजूने घाण वासाचा किंवा रक्ताळलेला स्राव येत असेल, ताप येऊन चेहरा ठणकत असेल, तर झारी बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा.

पाणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळ्या चुकांनी फक्त झोंबतं. पाण्याची चूक जिवावर बेतू शकते.

कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही. नाकातून वर गेला तर वासाच्या नसांवाटे मेंदूपर्यंत पोचतो, आणि मग माणूस क्वचितच वाचतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली नळाचं न उकळलेलं पाणी नेतीपात्रात वापरणाऱ्या दोघांचा मृत्यू झाला. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आणि विहिरींचं क्लोरिनेशन हाती घ्यावं लागलं. केरळ आणि आपण एकाच किनाऱ्यावर आहोत, त्यांच्या आणि आपल्या विहिरी सारख्याच. हा आजार फार दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच्यापासून वाचायला फक्त गॅस पेटवावा लागतो, तेव्हा आळस करायचंही कारण नाही.

"आमची बाव बारा महिने आटत नाही, पाणी काचेसारखं," असं प्रत्येक घरात सांगतात. आमच्याकडेही सांगतात. काचेसारखं दिसणं आणि उकळलेलं असणं यात फरक आहे. ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणूनही उकळणं टळत नाही. स्वयंपाकघरातल्या फिल्टरवर विसंबू नका. दुकानातलं बाटलीबंद पाणी पिण्यासाठी ठीक असलं तरी नाकासाठी तेही उकळाच. आणि कुणी "डिस्टिल्ड वॉटर वापर" म्हणालं तर गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणू नका. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण मला एका शहाण्यासुरत्या गृहस्थांनी ते कॅन दाखवलेलं आहे.

तर: झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या टोपात पाणी घ्या. खळखळून उकळी फुटली की किमान १ मिनिट तसंच राहू द्या. मी ५ मिनिटं ठेवते, टोपाकडे बघत उभी राहण्याऐवजी चहाचं आधण बाजूच्या शेगडीवर टाकते. मग गॅस बंद, झाकण वर, आणि त्याच टोपात निवू द्या.

आता ती चूक, जी आपल्याकडे हमखास होते. आपल्या हाताला विसण घालायची सवय आहे. बंबातलं कढत पाणी बादलीत घ्यायचं, वर तांब्याभर गार ओतायचं, बोट बुडवून बघायचं. नेतीचं पाणी गरम लागलं की हात आपोआप कळशीकडे जातो. मी पहिल्या आठवड्यात नेमकं हेच केलं. पाच मिनिटं उकळलेल्या पाण्यात दोन पळ्या बावीचं कच्चं पाणी. तेवढ्याने उकळल्याचं सगळं पुण्य गेलं. घाई असेल तर टोप गार पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा आदल्या रात्री उकळून झाकून ठेवलेलं पाणी सकाळी परत थोडं कोमट करा. उकळलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर झाडाला घाला.

कोमट म्हणजे किती? मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर ना गार लागावा ना गरम. बाळाच्या दुधाला बघतात तसं.

मीठ

अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम. घरात वजनकाटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या ५ मिलीच्या मापाने बारीक मीठ सपाट पाऊण माप घ्या. पोह्याचा चमचा हे माप नव्हे, प्रत्येक घरातला चमचा वेगळा. चिमूटभर खायचा सोडा घातला तर पाणी आणखी सौम्य लागतं, नाही घातला तरी चालतं.

शिरोड्याच्या मिठागरांचा आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना अभिमान आहे, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. पण मिठागरातलं जाडं मीठ लोणच्याला घाला, नाकाला नको. त्यात रेती असते, आणि खडे मोठे असल्याने मापात किती मीठ आलं याचा अंदाज येत नाही. घरातल्या आयोडीनयुक्त मिठाने काहींना किंचित चुरचुरतं. तसं झालं तर आयोडीन नसलेलं शुद्ध बारीक मीठ शोधा, किंवा मेडिकलमध्ये नाक धुण्यासाठीच्या तयार पुड्या मिळतात त्या घ्या. नवख्याने पहिले पंधरा दिवस पुड्याच वापराव्यात असं माझं मत झालंय. जरा महाग पडतात, पण मिठाचं माप चुकून पहिल्याच दिवशी झोंबलं की माणूस परत या वाटेला येत नाही.

मीठ पूर्ण विरघळू द्या. मग एक घोट तोंडात घेऊन बघा आणि थुंका. अश्रूंसारखं खारट लागलं पाहिजे. आमटीसारखं लागलं तर कमी आहे. समुद्रासारखं लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा.

भांडं

लांब तोटीची झारी किंवा मऊ प्लास्टिकची दाबायची बाटली, काहीही चालेल. भित्र्या माणसाला झारी बरी, कारण तिच्यातून पाणी स्वतःच्या वजनाने येतं, जोर नसतो. पितळेची जुनी झारी देवघरातून काढू नका, खारं पाणी तिच्यात कळकतं. स्टील किंवा चांगलं प्लास्टिक घ्या. आणि एका माणसाला एक भांडं. नवराबायकोतही वाटून घ्यायचं नाही.

तालीम

दशावतारी मंडळी संहिता-तालमीशिवाय रात्रभर नाटक ओढतात. आपल्याला ते जमणार नाही. तीन-चार दिवस तालमीला द्या, त्यात कमीपणा नाही.

पहिल्या दिवशी झारी रिकामी. मोरीवर किंवा बेसिनवर वाका, मान एका खांद्याकडे कलवा, तोंड उघडं ठेवा आणि फक्त तोंडाने श्वास घ्या. दोन मिनिटं. भीतीचं मूळ बहुतेकांत इथेच असतं: पाणी नाकात असताना श्वास कोंडेल असं वाटतं. तोंडाने श्वास चालू राहतो हे शरीराला एकदा कोरडं कळू द्या.

आता त्याच स्थितीत हळू आवाजात "क्… क्… क्…" म्हणा. घशाच्या मागचा मऊ पडदा वर उचलला गेल्याचं जाणवेल. हाच पडदा पाणी घशात उतरू देत नाही. पाणी घशात येतंय असं वाटलं की हे "क्" म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून १० मिलीची नवी सिरिंज आणा, सुई काढून टाका. वर सांगितल्यासारखं पाणी करून सिरिंजमध्ये भरा, वाका, आणि वरच्या नाकपुडीत अगदी सावकाश सोडा. १० मिली म्हणजे दोन लहान चमचे. ते पलीकडून गळेल, नाही तर त्याच नाकपुडीतून परत येईल. दोन्हीही ठीक. त्या दिवशी एवढंच.

काकींना मी इथवर आणलं ते लालूच दाखवून. मोहोराच्या दिवसांत त्यांना वासच येत नव्हता, आणि बांगड्याच्या तिखल्याला त्रिफळ घातलंय की नाही हे कळत नाही म्हणून त्या कष्टी होत्या. सिरिंजचं पाणी गेल्यावर त्या मिनिटभर तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "काय्येक झोंबला नाय गो!" आणि लगेच, संशयाने: "मीठ घातलं होतं ना?"

प्रत्यक्ष

हात साबणाने धुवा. झारीत साधारण पाव लिटर पाणी घ्या. पहिल्यांदा आरसा नसलेली जागा निवडा. आरशात स्वतःचं ध्यान बघून हसू येतं आणि हसलं की पाणी घशात जातं.

कमरेतून वाका, चेहरा बेसिनकडे. मग मान एका बाजूला वळवा, म्हणजे एक नाकपुडी वर आणि एक खाली येईल. कपाळ आणि हनुवटी साधारण एका उंचीवर राहू द्या. हनुवटी वर गेली की पाणी घशाकडे धावतं, कपाळ वर गेलं तरी तेच, डोकं सरळ ठेवण्याचा मोह टाळा. तोंड उघडं.

तोटीचं टोक वरच्या नाकपुडीत हलकेच बसवा. नाकाच्या मधल्या पडद्यावर टोचू नका, फक्त फट राहायला नको. झारी हळूहळू उचला. तीन-चार सेकंद काहीच होणार नाही, आणि इथेच माणसं घाबरून झारी काढतात. थांबा. नाकाचा मधला पडदा मागे जिथे संपतो तिथून पाणी वळसा घालतं आणि खालच्या नाकपुडीतून धार लागते. ती धार पहिल्यांदा दिसते तेव्हा खरंच मौज वाटते. परसातल्या पाटाचं पाणी फिरवताना बांध फोडल्यावर दुसऱ्या वाफ्यात दिसतं ना, तसं.

अर्धी झारी एका बाजूने. मग झारी काढा, वाकलेलेच राहा, हलकेच नाक शिंकरा, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूने. मध्ये बोलू नका, गिळू नका. थोडं पाणी घशात आलंच तर थुंकून टाका, बिघडत नाही. गुदमरल्यासारखं वाटलं तर झारी काढून सरळ उभे राहा, संपलं. या सगळ्याचा लगाम तुमच्याच हातात आहे. विहिरीत तसा नव्हता.

पाणी काढणं

हा भाग लोक गाळतात आणि मग "नेतीने सर्दी झाली" म्हणतात. कमरेतून वाका, डोकं खाली सोडा, मान हळू उजवीकडे, डावीकडे, मध्ये. प्रत्येक वेळी तोंड उघडं ठेवून नाकातून हलके श्वास बाहेर टाका. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. एक बोटाने दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानात जाऊन दडा बसतो.

तरी थोडं राहतंच. एकदा मी नेती करून लगेच सकाळची एसटी पकडली, कंडक्टरला सुटे द्यायला पिशवीत वाकले आणि नाकातून पाण्याची बारीक धार थेट तिकिटावर. तेव्हापासून मधे अर्धा-पाऊण तास ठेवते. निजायच्या तोंडावरही करू नका, पाणी रात्रभर घशात उतरत राहतं. आणि करून लगेच गाडीवर वारा खात निघू नका.

डॉक्टरांनी नाकाचा फवारा दिला असेल तर तो नेतीनंतर, नाक निथळल्यावर. नाक उघडायचे थेंब महिनोन् महिने घालणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत. ते थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक उलट जास्त चोंदतं. नेती त्यांच्यासारखी झटपट नाही, पण ती अशी सवयही लावत नाही.

चुकलं तर

झोंबलं, तर दहापैकी नऊ वेळा मीठ कमी असतं. उरलेल्या वेळी जास्त, नाहीतर पाणी गार. कानात दडा बसला तर त्या दिवसापुरतं थांबा. दोन दिवसांत सुटला नाही तर दाखवा. रक्ताचा एखादा थेंब दिसला तर तोटी लागली असेल, चार दिवस सुट्टी द्या. पुन्हा आलं तर डॉक्टर. आणि कच्चं पाणी नाकात गेल्यानंतरच्या दिवसांत, मग ते नेतीने जावो की तळीत पोहताना, जबर डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणं असं काही झालं तर वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा आणि पाणी नाकात गेल्याचं तिथे आपणहून सांगा.

त्रासाच्या दिवसांत मी रोज सकाळी एकदा करते. बाकी दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा, आणि नाक शांत असेल तेव्हा मुळीच नाही.

भांड्याचं वाळण

कोकणात आषाढ-श्रावणात दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओला राहतो, तिथे झारीच्या तोटीची काय कथा. काम झालं की झारी साबणाने धुवा, शेवटचं पाणी मात्र उकळलेलं. मग कागदाने आतून पुसून उपडी ठेवा, मोरीत नव्हे, चुलीजवळ किंवा फ्रिजच्या वर, जिथे ऊब असते. तोटीत काळे ठिपके दिसले की भांडं घासत बसू नका, टाकून द्या. प्लास्टिकची बाटली तशीही तीन-चार महिन्यांनी बदलावी.

काकींनी आता स्वतःची झारी घेतली आहे. तिच्या कानाला लाल दोरा बांधून ती फ्रिजवर ठेवलेली असते. गणपतीत मुंबईचा नातू आला, तेव्हा तो ती झारी घेऊन तुळशीला पाणी घालताना सापडला. काकींनी झारी काढून घेतली, घासली, उकळत्या पाण्यात बुडवली आणि त्याला सांगितलं की ह्या पाण्याक हात लावायचो नाय, ह्या नाकाचा आसा. पोरगं आठवडाभर घरात आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होतं.